आठ वाजताचं शेत

१४ नोव्हेंबर, गुरुवार

माझ्या नवऱ्याने, तुरातने, आज प्रवाशांच्या गाडीतून बिश्केकहून सहा खोकी आणली. बाजारातल्या माझ्या कंटेनरमधल्या दुकानाच्या दारात एकावर एक रचली, हातमोजे काढले, वरचं खोकं उघडलं आणि गेमचा नवा कन्सोल चारी बाजूंनी फिरवून पाहिला. मग एवढंच म्हणाला, "याला तोंड कुठाय?"

खरंच नव्हतं. डिस्क घालायची फटच ठेवलेली नाही. गेम आता इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा म्हणे.

रेनातला फोन लावला. हा आमचा बिश्केकचा घाऊक व्यापारी. नऊ वर्षं मी त्याच्याकडून डिस्क घेते. सगळ्यांसारखा तोही मला एजे, म्हणजे ताई, म्हणतो.

"रिस्कुल-एजे, डिस्क संपल्या. पुढच्या वर्षी मी आणणारच नाही. तुम्हाला खाती देतो. तुर्कस्तानात उघडलेली, आत गेम भरलेले. गिऱ्हाइकाला नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून द्यायचा, झालं. ना फळ्या, ना धूळ, ना ओरखडे."

"एक खातं एका माणसाला?"

"अहो एजे, एक खातं चौघांत जातं, पाचांत जातं. कोण बघायला येतंय?"

मला पटलं नाही. पण वाचनालयात सतरा वर्षं मी एकच पुस्तक शंभर जणांना दिलं, तेव्हा कुठे काय वाटलं होतं, असं मनाला सांगितलं. हे तसंच का? तसंच असावं. तुरातला विचारलं तर म्हणाला, "दुकान तुझं." या माणसाला घाटात गाडी चालवताना जितकं बोलावं लागतं, तितकंच तो घरी बोलतो. म्हणजे काहीच नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला कन्सोल गेला. जिबेकने घेतला. म्हाताऱ्या काकिश-आपांची सून, वरच्या आळीतली. लग्नाला दोन वर्षं झाली. नवरा कुबात पाच महिने घरी राहिला आणि तुर्कस्तानात बुर्साला लाकूडकामाच्या कारखान्यात गेला तो गेलाच.

तिचा जुना कन्सोल विमानासारखा घोंघावतो. "सासूबाईंची झोप मोडते," म्हणाली. मी जुना घेतला, वर तिची ट्रॅक्टरवाली डिस्कही घेतली आणि तेवढी किंमत नव्यातून वळती केली. तो शेतीचा गेम आहे. नांगरायचं, पेरायचं, मेंढ्या पाळायच्या. कुबात तिकडून खेळतो, ही इकडून, दोघांचं मिळून एकच शेत. रोज आठ वाजता.

"एजे, डिस्क मी ठेवून घेऊ का?"

"कशाला गं? नव्याला तोंडच नाही. आणि खात्यात तोच गेम आहे."

"नाही, तशीच. आपली असू दे म्हणून."

"काय लोणचं घालणार आहेस तिचं?"

ती हसली आणि डिस्क काउंटरवर ठेवली. खात्याचा कागद घडी करून स्वेटरच्या आत ठेवला.

घरात गाय आहे, शेण आहे, अंगणभर बर्फ आहे. ते सगळं आवरून ही पोरगी पुन्हा पडद्यावर गोठा झाडते. मला हसू आलं. तिच्यासमोर नाही हसले.

२ डिसेंबर, सोमवार

डिस्क सगळ्या विकल्या. कोचकोरचा मुकाश आला होता, गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे त्याचं. त्याने तीनशे चाळीस डिस्क आणि जुने कन्सोल बटाट्यासारखे पोत्यात भरले. फक्त दुकानात गेम तपासायला ठेवलेला माझा जुना कन्सोल मी दिला नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही.

कव्हरांच्या आत मी छोटे कागद ठेवत असे, वाचनालयासारखे. कोणी कधी नेली, कधी आणली. फुटबॉलच्या एका डिस्कच्या कागदावर एकेचाळीस नावं होती. मुकाश म्हणाला, "कागद काढून टाकू का, एजे?" मी म्हटलं, राहू दे, वजन थोडंच आहे त्यांचं.

३ डिसेंबर

रिकाम्या फळ्या फार मोठ्या दिसतात.

२१ डिसेंबर, शनिवार

धंदा बरा. चौदा खाती दिली. थंडी उणे सव्वीस, त्यामुळे सगळे घरात, आणि घरात म्हणजे पडद्यापुढे. रेनातचं खरं होतं असं आता मी तुरातला रोज ऐकवते. तो तळलेला बोरसोक चहात बुडवतो आणि मान हलवतो. हो म्हणतो की नाही, कळत नाही.

जिबेक दुधाची बरणी घेऊन आली होती. चेहरा खुललेला. म्हणाली, त्यांनी ओढ्याकाठी नवी जमीन घेतली. मला क्षणभर खरंच वाटलं, अभिनंदन करणार होते. मग लक्षात आलं, पडद्यावरची. "कुबात म्हणतो घर पूर्वेला तोंड करून बांधू. मी म्हणते दक्षिणेला. तीन दिवस भांडतोय."

"आणि सासूबाई काय म्हणतात?"

"त्यांना काय कळतंय, एजे. त्यांना वाटतं टीव्ही आहे. कानानेही कमी ऐकतात हल्ली."

२७ जानेवारी, सोमवार

आज काय झालं ते नीट लिहिते, म्हणजे उद्या मी ते स्वतःलाच वेगळं सांगणार नाही.

सकाळी उघडायला गेले तर दारात चार जण. सगळ्यांच्या पडद्यावर एकच ओळ: हे खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. दुपारपर्यंत नऊ झाले. एक किल्ली खूप हातांत आहे हे तिकडे कुणाच्या तरी लक्षात आलं. येणारच होतं. मला ते नोव्हेंबरातच कळलं होतं, मी फक्त त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

रेनातचा फोन बंद.

बेकरीवाला सापार सगळ्यांपेक्षा मोठ्याने बोलला. "एजे, नऊ वर्षं तुमच्याकडून डिस्क नेतोय. कधी कुणी माझ्या घरात शिरून डिस्क काढून नेली नाही!"

"पैसे देते परत, सापार."

"पैशाचं कोण बोलतंय? दोन महिने जमवलेली माझी टीम होती त्यात!"

तो ओरडत होता ते बरं होतं. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं. जिबेक कोपऱ्यात स्टोव्हजवळ उभी होती. सगळे गेल्यावर पुढे आली.

"म्हणजे आज आठ वाजता नाही?"

"आज नाही गं."

"उद्या?"

तिने रुमाल बांधला आणि गेली.

२८ जानेवारी

ज्याचे त्याला पैसे देऊन टाकले. तुरातने काही विचारलं नाही, नुसतं पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि गाडी धुवायला गेला. इतक्या थंडीत गाडी कोण धुतं?

संध्याकाळी जिबेककडे गेले. काकिश-आपा भिंतीला टेकून बसलेल्या, जिबेक खाली मान घालून चहा ओतत होती. अर्धा अर्धा पेला, सुनेने अदबीने ओतायचा तसा. मी म्हटलं, "अगं, फोन आहे की. व्हिडिओवर बोला." तिने पेला पुढे केला. मला सोडायला फाटकापर्यंत आली तेव्हा म्हणाली:

"फोन आईंच्या हातात असतो, एजे. मुलगा त्यांचा आहे, त्यांनी आधी बोलायचं. मग नणंदा येतात, शेजारीण येते. शेवटी मला देतात तेव्हा तो विचारतो, बरी आहेस ना. मी म्हणते, बरी आहे. सगळे माझ्या तोंडाकडे बघत असतात." मग म्हणाली, "शेतात कानाला ते यंत्र लावलं की आम्ही दोघंच. भांडलो तरी दोघंच. दोन वर्षांत मी नवऱ्याशी जे काही बोलले, ते सगळं तिथेच बोलले."

घरापर्यंत चालत आले. मला वाटलं होतं ती गोठा झाडते.

१ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस शाळेतल्या संगणक शिकवणाऱ्या बाईंबरोबर बसले. जिबेकच्या नावाने स्वच्छ, एकटीचं खातं उघडलं. पैसे माझे. गेम विकत घ्यायला गेलो तर तो तिथे नाही!

नवा आहे, या वर्षीचा. पण कुबातचं शेत जुन्यात आहे आणि नव्यातून जुन्यात जाता येत नाही. जुना त्यांनी विक्रीतूनच काढून टाकला. बाई म्हणाल्या, कसलेसे करार संपले की काढतात. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आहे, बाकीच्यांना नाही.

वाचनालयातून पुस्तक बाद करायचं तर आम्ही तीन जणांच्या सह्या घ्यायचो आणि तरी मी ते घरी नेऊन ठेवायची.

म्हणजे आता तो गेम फक्त डिस्कवर. आणि डिस्क मी विकली. कुबातने बुर्सात दोन दुकानं पाहिली, मिळाली नाही. शेत त्याच्याकडे शाबूत आहे. तो एकटाच जाऊन मेंढ्यांना चारा घालतो म्हणे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काकिश-आपा दुकानात आल्या. स्वतः चालत, एवढ्या निसरड्यातून. मी स्टूल पुढे सरकवलं. बसल्या, काठी गुडघ्यांत धरली आणि रिकाम्या फळ्यांवरून नजर फिरवली.

"तो ट्रॅक्टर कधी चालू होणार?"

"आपा, प्रयत्न करतेय."

"प्रयत्न. हं." मग म्हणाल्या, "घरात आता चुलीशिवाय कसला आवाज नाही. चूल आणि मी."

"चूक माझी आहे, आपा."

"चूक कुणाची हे विचारायला आले नाही. कधी, ते विचारलं."

उठल्या आणि गेल्या. टोमणाच होता. सुनेने कामं सोडून पडद्यासमोर बसावं हे त्यांना आधीच खुपत असणार, आणि आता कन्सोलचे पैसेही वाया गेले. म्हातारीची जीभ सुरीसारखी आहे.

तुरातला सांगितलं. तो म्हणाला, "परवा कोचकोरला चल माझ्याबरोबर."

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहाटेच निघालो, मागे तीन प्रवासी. मुकाशच्या अंगणात शिरले आणि जागीच थांबले. कोंबड्यांच्या जाळीवर दोरीने डिस्क टांगलेल्या, चाळीस-पन्नास. वाऱ्यात गिरक्या घेत होत्या, उन्हात डोळे दिपत होते.

"ससाण्याला घाबरवायला," मुकाश म्हणाला. "फार गुणी आहेत, एजे. एक कोंबडी गेली नाही महिन्यात."

"मुकाश! ट्रॅक्टरवाली यात आहे?"

तो डोकं खाजवत राहिला. मी जाळीपाशी उभी राहून एकेक डिस्क धरून वाचली. एकेचाळीस नावांची फुटबॉलची सापडली, मधोमध भोक वाढवलेलं. ट्रॅक्टरवाली नव्हती. बोटं बधिर झाली.

"थांबा," तो म्हणाला. "ट्रॅक्टरवाली मी दोलोन घाटातल्या रस्त्याच्या चौकीत दिली. बर्फ काढणाऱ्या जोलदोशला. जुना एक कन्सोलही दिला. म्हटलं, तुम्ही दिवसभर बर्फाचा नांगरच चालवता, घ्या, संध्याकाळीही चालवा!"

आणि स्वतःच्या विनोदावर पोट धरून हसला. सकाळी आम्ही त्याच चौकीसमोरून आलो होतो.

परतताना घाटमाथ्यावर तुरातने गाडी थांबवली. मागची बाई कुरकुरली, "लघवीला का?" तुरात म्हणाला, "महत्त्वाचं काम आहे." एवढे शब्द एकदम ऐकून ती गप्प झाली.

चौकी म्हणजे एक खोली, एक शेगडी, भिंतीला लागून दोन पलंग. जोलदोश पन्नाशीचा, गालावर हिमदंशाचे काळे डाग. तुरातला बघून उठला, दोघांनी दोन्ही हातांनी हात मिळवले. कोपऱ्यात टीव्ही, त्यावर हिरवंगार शेत. बाहेर माणूसभर बर्फ आणि आत गव्हाच्या ओंब्या हलत होत्या.

मी डिस्कचं बोलले. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुम्हीच विकलीत ना?"

"हो."

"मग?"

"दुप्पट देते."

"पैसे इथे कुठे खर्च करू, एजे? लांडग्याला देऊ? इथे फोनला रेंज नाही, नेट नाही. पंधरा दिवस मी आणि एक मेकॅनिक, तोही घोरतो. एप्रिलपर्यंत हेच हिरवं मला दिसतं."

त्याचंही खरं होतं. मी उठलेच होते. पण दुसरं काही सुचेना तेव्हा सांगून टाकलं. नावं न घेता सांगितलं. एक सून आहे, एक नवरा आहे, घर भरलेलं आहे, बोलायला जागा नाही. होती ती एवढीच होती आणि ती मी घालवली. दुसऱ्याची खासगी गोष्ट अशी वाटसरूसारखी सांगत सुटले याची लाज वाटली, अजून वाटते आहे.

जोलदोश शेगडीत कोळसा ढकलत राहिला.

"मेंढ्या किती त्यांच्याकडे?"

"ऐंशी. ओढ्याकाठी जमीन आहे."

"माझ्याकडे तीस," तो म्हणाला. उठला, कन्सोलमधून डिस्क काढली, शर्टाच्या टोकाने पुसली, कव्हरात घातली. कव्हरात माझा कागद तसाच होता. "माझं शेत झोपेल तोवर. बर्फाखाली झोपतंच की शेत. पण हात रिकामे ठेवू नका माझे."

मुकाशकडच्या ज्या डिस्क कोंबड्यांच्या जाळीतून वाचल्या असतील त्या परवाच्या फेरीत जोलदोशला पोचवायचं तुरातने कबूल केलं. गाडीत ती बाई म्हणाली, "एवढ्यासाठी थांबवली गाडी? हिच्यासाठी?" आणि वाकून डिस्क निरखून पाहिली, जणू मी औषध नेत होते.

८ फेब्रुवारी, शनिवार

माझा दुकानातला जुना कन्सोल चादरीत गुंडाळून काकिश-आपांकडे नेला. जिबेकच्या खोलीत जोडला, तिचं नवं खातं त्यात घातलं. डिस्क आत गेली आणि घर्र आवाज झाला तेव्हा जिबेकने दोन्ही हात तोंडावर ठेवले. आठला दहा मिनिटं होती. मी बाहेरच्या खोलीत आले, दार ओढून घेतलं.

काकिश-आपांनी चहा ओतला. आमच्या दोघींच्या मधोमध सायीची वाटी. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग जिबेकचा आवाज, हळू. मग एकदम मोठ्याने, रागाने: "दक्षिणेला म्हटलं होतं ना मी!" आणि मग हसू. असं हसू मी त्या पोरीचं कधी ऐकलं नव्हतं. बादली उपडी व्हावी तसं.

मी घाईने मोठ्याने बोलायला लागले, हवेचं, कोळशाच्या भावाचं, म्हणजे आपांना ऐकू जाऊ नये.

"ओरडू नकोस," आपा म्हणाल्या. "मला ऐकू येतंय."

मी पेला खाली ठेवला.

"सगळं ऐकू येतं मला. माझी उशी त्या भिंतीला आहे. बहिरी म्हणतात, म्हणू दे. बहिऱ्या माणसासमोर सून मोकळं बोलते." सायीत नानचा तुकडा बुडवून त्यांनी तो तसाच हातात धरला. "सून आणली तेव्हा मुकी आहे की काय वाटलं होतं. हो आपा, नाही आपा, चहा आपा. पहिल्यांदा ती हसली ती त्या भिंतीमागे. माझा मुलगा सुखात आहे की नाही, मला फोनवर कळत नाही. फोनवर तो खोटं बोलतो. भिंतीतून कळतं, हिच्या बोलण्यावरून."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून माझा चहा निवला. कुबात वर्षभर जिबेकला म्हणतोय, तू इकडे ये, शिवणकामाच्या कारखान्यात काम मिळतं, खोली घेऊ. आणि ही म्हणते, आपांना एकटं कशी सोडू. रोज तेच भांडण. घराचं तोंड पूर्वेला की दक्षिणेला, ते सगळं त्याचंच.

"तिला सांग, जा म्हणून."

"मी? तुम्ही सांगा ना, आपा."

"माझ्या तोंडून निघालं तर गाव म्हणेल, म्हातारीने सुनेला हाकललं. तीही तेच समजेल. तू शिकलेली आहेस, पुस्तकातली आहेस. तू नीट सांगशील."

११ फेब्रुवारी, मंगळवार

नीट सांगितलं नाही.

जिबेक दूध घेऊन आली, मी घाईघाईने बोलून गेले: "आपा म्हणतात, तू जावंस." "म्हणजे मी नकोय त्यांना?" मी सारवायला गेले तेवढं आणखी पसरलं. भिंतीतून ऐकू येतं हे सांगणार होते, पण ते सांगितलं तर तिची ती एक जागाही जाणार. ते गिळलं, आणि न सांगता बाकीचं काही जुळेना. ती बरणी ठेवून निघून गेली, झाकणही न घेता.

दुसऱ्याच्या घरात मध्ये पडणारीला काय म्हणतात ते मला माहीत आहे. तुरातने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "निरोप नेणाऱ्याने निरोपच न्यावा. अर्धा नेला की भांडण होतं."

बोलत नाही तेच बरं त्याचं.

२ मार्च, रविवार

इतके दिवस लिहिलं नाही. लाज वाटत होती आणि कामही होतं. मुकाशकडून दोनशे दहा डिस्क परत आणल्या. तुरात फेरीला जाताना पिशवी नेतो. घाटातली चौकी, वरचं हवामान केंद्र, जिथे नेट पोचत नाही अशी तीन गावं. कागदावर पुन्हा नावं लिहिते. सापार बेकरीवालाही येऊन तीन घेऊन गेला. अजून नीट बोलत नाही, पण गरम नान ठेवून गेला. यावर घर चालेल का, सांगता येत नाही. खाती मात्र पुन्हा विकणार नाही.

आज जिबेक आली. स्टोव्हजवळ बसली आणि सांगायला लागली.

त्या दिवशी आठ वाजता तिने कुबातला सगळं सांगितलं, की तुझ्या आईला मी नकोय. कुबातने ट्रॅक्टर थांबवला. मग म्हणाला, आईला आत बोलाव, तुझ्या कानाचं तिच्या कानाला लाव.

"मी घाबरले, एजे. आई आल्या, खाली बसल्या. मी त्यांच्या रुमालावरूनच ते कानाला लावलं. त्याने तिकडून काय विचारलं, मला ऐकू आलं नाही. आई पडद्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, 'मी तिला हाकलत नाहीये रे. मी बावीस वर्षांची असताना तुझा बाप तीन वर्षं खाणीवर होता आणि मी सासूजवळ. तो परत आला तेव्हा मला तो पाहुणा वाटला. आयुष्यभर थोडा पाहुणाच राहिला. हिचं तसं नको.' एजे, त्यांनी हे माझ्याकडे न बघता सांगितलं. मी शेजारीच होते."

"मग तू काय केलंस?"

"चहा ओतला," जिबेक म्हणाली आणि रडायला लागली. "पेला भरून ओतला."

२९ मार्च, शनिवार

नोरुज, म्हणजे नव्या वर्षाचा सण, झाला आणि जिबेक बुर्साला गेली. तुरातच्या गाडीत पुढच्या सीटवर. एक सुटकेस, एक पोतंभर सुकं मांस, लोणी, आणि आपांनी विणलेले मोजे, जे बुर्साच्या हवेत कुणी घालणार नाही. जिबेकची नणंद धाकट्या मुलीला घेऊन आपांकडे राहायला आली. गाडी वळेपर्यंत काकिश-आपा फाटकाशी उभ्या होत्या. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तुझा नवरा गाडी फार जोरात चालवतो." तुरात ताशी वीसच्या वेगाने जात होता.

कन्सोल मी परत आणायला गेले नाही. जोलदोशला निरोप पाठवला की त्याची डिस्क आता देता येईल. त्याने कळवलं, एप्रिलात बदली आहे, राहू दे तिथेच.

३ एप्रिल, गुरुवार

आपांनी नणंदेच्या मुलीकरवी बोलावणं धाडलं. आठला पाच मिनिटं असताना गेले तर त्या जिबेकच्या खोलीत पडद्यासमोर जमिनीवर ताठ बसलेल्या. डिस्क दोन बोटांत कडेने धरलेली, तंदूरमधून काढलेल्या नानसारखी.

"ही कुठून घालायची?"

मी दाखवलं. त्यांनी स्वतःच घातली. यंत्राने ती ओढून घेतली तेव्हा बोटं पटकन मागे घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भूक लागलेली दिसते." कानाला लावून दिलं, आवाज बाहेरही ऐकू येईल असं केलं.

शेत उघडलं. कुंपणाशी दोन माणसं उभी. एक कुबात, दुसरी जिबेक, बुर्साच्या एकाच खोलीत दोन टीव्ही कुठून आले देव जाणे, मित्राचा आणला असेल. मागे घर. दारं बघितली, दक्षिणेला होती.

"आपा, आलात!" जिबेकचा आवाज. "तिकडे थंडी आहे का अजून?"

"इथली थंडी तुला माहीत आहे. तू टोपी का घातली नाहीस? वारा दिसतोय झाडांत."

"आपा, हे खेळातलं आहे."

"मला कळतंय. तरी घालावी."

कुबात समजावायला लागला, "आई, डाव्या हाताचं बटण दाब, ट्रॅक्टर पुढे जाईल, मग हळूहळू..."

"तू मला शिकवू नकोस," काकिश-आपा म्हणाल्या. "सामुदायिक शेतावर चौदा हंगाम मी ट्रॅक्टर चालवलाय. तू पोटात होतास तेव्हाही."

मलाही हे माहीत नव्हतं. कुबातलाही नसावं, कारण तो म्हणाला, "कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

पहिल्यांदा ट्रॅक्टर कुंपणावर गेला. दुसऱ्यांदा ओढ्यात. आपांनी एक शिवी दिली, जी मी इथे लिहिणार नाही. नणंदेची मुलगी पळत बाहेर गेली, आईला सांगायला. तिसऱ्यांदा त्यांनी कंट्रोलर दोन्ही हातांत नीट घेतला, जीभ दातांत धरली आणि नांगर खाली सोडला. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी रेघ उमटत गेली, दोरी धरावी तशी सरळ. बांधाशी त्यांनी ट्रॅक्टर थांबवला. दोन्ही माणसं मागून पळत आली होती.

"जिबेक," आपा म्हणाल्या, "चढ. शेजारी जागा आहे."